योशिनोला जाशील तेव्हा

प्रिय मुली,

सप्रेम जयभीम.

तुझे पत्र मिळाले. ओसाकातला तुझा हा पहिलाच वसंत, त्यामुळे साकुराच्या, म्हणजे चेरीच्या बहराच्या, दिवसांत एखाद्या बौद्ध मंदिरात जाऊन यावे असे तुला वाटणे स्वाभाविक आहे. कोणत्या मंदिरात जावे, कधी जावे आणि तेथे कसे वागावे, हे तू सविस्तर विचारले आहेस. पण पत्राच्या शेवटी, जणू सहज सुचले म्हणून, तू आणखी एक प्रश्न लिहिला आहेस: फुले तर विद्यापीठाच्या आवारातही फुलतात, मग ती मंदिरात जाऊन पाहिल्याने काय वेगळे होते? मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि म्हणून मी त्याच्यापासूनच सुरुवात करतो.

क्योतोतील बहुतेक मंदिरांत साकुरा ही वास्तूची शोभा आहे. दाइगोजीचा पाच मजली पॅगोडा इ.स. ९५१ मधला, म्हणजे त्या शहरातील सर्वांत जुनी उभी वास्तू. त्याच्यासमोर वाकलेल्या फांद्यांची झाडे फुलतात तेव्हा ते दृश्य डोळ्यांत मावत नाही. तेथे तू अवश्य जा. तरीही तुझ्या प्रश्नाचे उत्तर हवे असेल, तर या वर्षी नारा प्रांतातील योशिनो डोंगर आणि त्यावरचे किम्पुसेनजी हे मंदिर निवड, असे मी सांगेन. तेथे फुले मंदिराची शोभा वाढवण्यासाठी लावलेली नाहीत. डोंगरावर जी सुमारे ३०,००० झाडे आहेत, त्यांच्यामागे शतकानुशतकांचे अर्पण आहे. यात्रेकरूंनी पूजा म्हणून तेथे रोपे वाहिली आणि त्या रोपांचा पुढे डोंगरभर विस्तार झाला.

याची मूळ कथा अशी सांगतात. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात एन नो ग्योजा नावाचा तपस्वी या पर्वतरांगेत साधना करीत होता. कथेभोवती दंतकथांचे वलय असले तरी माणूस ऐतिहासिक आहे, इ.स. ६९९ मध्ये त्याला इझू येथे हद्दपार केल्याची नोंद जपानच्या जुन्या राजवृत्तांतात आहे. बिघडलेल्या काळातील माणसांना सावरील असे रूप प्रकट व्हावे, अशी त्याने प्रार्थना केली, तेव्हा प्रथम शाक्यमुनी बुद्ध, मग करुणेचा बोधिसत्त्व सहस्रभुज अवलोकितेश्वर आणि मग भावी बुद्ध मैत्रेय प्रकट झाले. ही तिन्ही रूपे फार सौम्य आहेत, उद्दाम माणसे त्यांना जुमानणार नाहीत, असे त्याला वाटले. तेव्हा ती तिन्ही एकत्र होऊन झाओ गोंगेन हे उग्र रूप खडकातून उसळून वर आले. ते रूप त्याने साकुराच्या लाकडात कोरले, आणि तेव्हापासून या डोंगरावरचे साकुराचे झाड पवित्र मानले गेले.

कथेचा पुढचा भाग मात्र लोकांच्या वागण्यातून घडला आहे आणि मला तोच अधिक मोलाचा वाटतो. एखाद्या भाविकाने नवस केला किंवा तो फेडला की तो डोंगरावर साकुराचे रोप लावी. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, गावातली मुले वाटेवर उभी राहून येणाऱ्या यात्रेकरूंना रोपे विकत आणि यात्रेकरू ती मंदिराला अर्पण करीत. १५७९ मध्ये ओसाकाजवळच्या हिरानो येथील सुएयोशी कानबेई या श्रीमंत व्यापाऱ्याने एकट्याने १०,००० रोपे वाहिली. झाड तोडले तर मान जाईल आणि फांदी तोडली तर बोट जाईल, अशी जरब त्या काळी सांगितली जाई. वाळलेले साकुराचे लाकूडसुद्धा चुलीत घालायला लोक धजत नसत. म्हणून तू एप्रिलमध्ये तेथे जे पाहशील ते सृष्टिसौंदर्य तर आहेच, पण त्याच वेळी ती असंख्य अनामिक माणसांनी केलेली आणि अजून चालू असलेली पुष्पपूजा आहे. विद्यापीठातले झाड आणि योशिनोतले झाड यांत फरक आहे तो इतकाच, आणि मला तो फार मोठा वाटतो.

तुला हे समजायला जड जाऊ नये, कारण बुद्धवंदनेतली पुष्पपूजेची गाथा तू लहानपणापासून म्हणत आली आहेस. वर्ण आणि गंध असलेली ही फुले मी मुनींद्राच्या चरणकमलांवर वाहतो, असे म्हणून झाल्यावर तीच गाथा पुढे सांगते की हे फूल जसे कोमेजते तसाच माझा हा देहही विनाशाकडे जातो. विहारात ही गाथा म्हणताना आपल्यासमोर तबकात चार झेंडूची किंवा शेवंतीची फुले असतात, आणि रोजच्या सवयीने आपण दुसऱ्या ओळीवर थांबत नाही. योशिनोत मात्र समोर सगळा डोंगरच असतो आणि त्याची फुले आठवड्याभरात गळून जातात. मी तेथे मनातल्या मनात ती गाथा म्हणत असे. तू मोठ्याने म्हटलीस तरी कोणी हरकत घेणार नाही.

आता झाडांविषयी थोडे, कारण ते न समजता गेलीस तर तुझी निराशा होण्याची शक्यता आहे. शहरांत सर्वत्र दिसणारी सोमेइ योशिनो ही जात तू ओसाकाच्या किल्ल्यापाशी पाहिली असशील. तिच्या नावात योशिनो असले तरी ती या डोंगरावरची नव्हे. ती एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, सोमेइ गावातल्या माळ्यांनी प्रसारात आणली आणि नाव तेवढे प्रसिद्ध डोंगराचे दिले. तिची सगळी झाडे कलमाने वाढवलेली, म्हणजे आनुवंशिकदृष्ट्या एकच असल्यामुळे एका परिसरात ती एकाच वेळी फुलतात, आणि पाने येण्याआधीच फांद्या फुलांनी भरून जातात. योशिनोत प्रामुख्याने यामाझाकुरा, म्हणजे रानातली साकुरा आहे. ती बियांपासून उगवते, त्यामुळे प्रत्येक झाड वेगळे असते. एक आज फुलते, तर शेजारचे चार दिवसांनी. शिवाय फुलांबरोबरच तांबूस कोवळी पालवी फुटते, म्हणून दुरून पाहिले तर डोंगर एकसारखा गुलाबी दिसत नाही. पांढरट, फिकट गुलाबी आणि तांबूस छटा एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि मधूनमधून योशिनोच्या प्रसिद्ध सुगी (जपानी देवदार) वृक्षांची काळपट हिरवी रांग दिसते. छायाचित्रांतला गुलाबी गालिचा शोधायला गेलेले लोक कधीकधी हिरमुसून परततात. तू एकेक झाड निरखून पाहा. या डोंगराचे सौंदर्य त्या असमानतेतच आहे.

उंचीमुळेही बहर एकदम येत नाही. खालून वर शिमो सेनबोन, नाका सेनबोन, कामी सेनबोन आणि ओकु सेनबोन असे चार भाग मानले जातात आणि बहर साधारण एप्रिलच्या सुरुवातीपासून पायरीपायरीने वर सरकत जातो. त्यामुळे नेमका पूर्ण बहराचा दिवस गाठण्याचा अट्टहास येथे करू नये. तू पहिल्या आठवड्यात गेलीस तर पायथा फुललेला असेल, नंतर गेलीस तर माथा फुललेला असेल. ११ आणि १२ एप्रिल या दिवशी हानाकुएशिकी नावाचा विधी होतो. यामाबुशी म्हणजे डोंगरात साधना करणारे व्रती, त्यांच्यासोबत राक्षसांचे मुखवटे घातलेले लोक आणि भिक्षू यांची मिरवणूक शंखनाद करीत चिकुरिन-इनपासून मुख्य मंदिरापर्यंत येते, आणि पवित्र वृक्ष पूर्ण बहरले आहेत असे झाओ गोंगेनला निवेदन केले जाते. त्यानंतर उघड्यावर होम होतो. तुला त्यांपैकी एक दिवस साधता आला तर अवश्य साध. तारीख ठरलेली असली तरी अलीकडे वसंत लवकर येऊ लागला आहे, हे ध्यानात ठेव. क्योतोतील बहराच्या नोंदी बाराशे वर्षांहून जुन्या आहेत आणि तोपर्यंतचा सर्वांत लवकरचा पूर्ण बहर २०२१ मध्ये, २६ मार्चला नोंदला गेला. तेव्हा विधीच्या दिवशी खालची झाडे कदाचित पालवीने भरलेली असतील. तरीही जा, कारण विधी पाहण्यासारखा आहे.

याच दिवसांत ८ एप्रिलला जपानमधील मंदिरांत बुद्धजयंती साजरी होते. आपल्याकडे ती वैशाख पौर्णिमेला असते, तेथे मात्र सौर दिनदर्शिकेनुसार हा दिवस ठरला आहे. फुलांनी सजवलेल्या छोट्या मंडपात बालबुद्धाची, एक हात आकाशाकडे आणि एक पृथ्वीकडे केलेली लहान मूर्ती ठेवलेली असते आणि येणारा प्रत्येक जण तिच्यावर पळीने गोड काढा ओततो. ओसाकात तुझ्या राहत्या जागेजवळच्या एखाद्या साध्या मंदिरात त्या सकाळी जाऊन ये. त्यासाठी योशिनोपर्यंत जाण्याची गरज नाही.

योशिनोचा रस्ता सोपा आहे. ओसाका आबेनोबाशी स्थानकावरून किंतेत्सु कंपनीची थेट गाडी मिळते आणि जलद आरक्षित गाडीने सव्वा ते दीड तासात तू पायथ्याशी पोहोचतेस. तेथून वर जाण्यासाठी १९२९ पासूनचा जुना रज्जुमार्ग आहे आणि हंगामात बसही असतात, पण तुझे गुडघे तरुण आहेत, तेव्हा नानामागारी नावाच्या वळणावळणाच्या चढणीने पायी जा. पहिली झाडे तेथेच भेटतात. शनिवार-रविवार टाळ, पहिल्या गाड्यांपैकी एखादी पकड आणि परतीचे आरक्षण आधीच करून ठेव, कारण संध्याकाळी पायथ्याच्या स्थानकावर फार मोठी रांग लागते.

वर पोहोचल्यावर फुलांच्या मागे लागण्याआधी झाओदोत, म्हणजे मुख्य मंदिरात जा, ही माझी सर्वांत आग्रहाची विनंती आहे. बहुसंख्य पर्यटक नेमके उलट करतात. दिवसभर फिरतात आणि शेवटी थकलेल्या पायांनी मंदिराला बाहेरूनच एक वळसा घालून निघून जातात. आजची इमारत १५९२ च्या सुमारास पुन्हा बांधलेली, सुमारे ३४ मीटर उंच, सायप्रसच्या सालीने शाकारलेल्या छताची आहे. आत शिरलीस की खांबांकडे पाहा. ते घासूनपुसून एकसारखे केलेले नाहीत. अनेक खांब झाडाच्या मूळ आकारात, वाकड्या-जाड्या बुंध्यांसकट उभे आहेत, त्यामुळे आत आल्यावरही आपण रानातच आहोत असे वाटते. मंदिराचे मुख दक्षिणेला, कुमानो या तीर्थक्षेत्राकडून डोंगर ओलांडून येणाऱ्यांकडे आहे, तर नियोमोन हे महाद्वार उत्तरेला, क्योतोकडून येणाऱ्यांकडे तोंड करून बांधलेले आहे. त्या महाद्वाराची मोठी दुरुस्ती हाती घेतलेली असल्याने तेथील सुमारे पाच मीटर उंचीचे दोन द्वारपाल नारा येथील राष्ट्रीय संग्रहालयात ठेवले आहेत. नारा शहरात जाशील तेव्हा त्यांनाही भेट.

गाभाऱ्यातील तीन झाओ गोंगेन मूर्ती एरवी पडद्याआड असतात आणि वर्षातील ठरावीक काळातच खुल्या होतात. वसंतात त्या खुल्या असण्याचा काळ बऱ्याचदा बहराशी जुळतो; जाण्याआधी मंदिराने जाहीर केलेल्या तारखा पाहून घे आणि शक्य असेल तर त्याच काळात जा. मधली मूर्ती सात मीटरहून उंच आहे. गर्द निळा देह, विस्कटून उभे राहिलेले केस, बाहेर आलेले सुळे, उगारलेला हात आणि उचललेला पाय, असे ते रूप आहे. मधली मूर्ती शाक्यमुनींचे म्हणजे भूतकाळाचे, बाजूच्या दोन अवलोकितेश्वराचे म्हणजे वर्तमानाचे आणि मैत्रेयाचे म्हणजे भविष्यकाळाचे रूप मानतात. निळा रंग करुणेचा समजतात. समोर कागदी पडद्यांनी वेगळे केलेले छोटे कप्पे असतात, तेथे एकटे बसून आपल्या मनातले मूर्तीपुढे मांडायचे असते. घाई न करता तेथे बस.

येथे तू गोंधळशील, हे मला माहीत आहे. आपल्या घरी ध्यानस्थ किंवा चालणाऱ्या बुद्धाची प्रतिमा, शेजारी बाबासाहेबांची तसबीर, त्रिशरण आणि पंचशील एवढाच पसारा असतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी जो धम्म दिला, त्यात देवदेवतांच्या उपासनेला जागा ठेवली नाही, आणि येथे तर बुद्ध सुळे दाखवीत उभा आहे, शिंतो या जपानच्या मूळ धर्माचे देव शेजारी आहेत, होम चालू आहे. हा धम्म नव्हेच, असे म्हणून पाठ फिरवण्याचा मोह तुला होईल. तो थोडा वेळ आवर. ज्या देशातून जन्माने जपानी असलेले भदंत सुरई ससाई नागपुरात आले आणि दीक्षाभूमीशी कायमचे जोडले गेले, त्या देशातील बौद्धांनी आपल्या डोंगरांशी, हवामानाशी आणि आधीच्या श्रद्धांशी बुद्धाची सांगड कशी घातली, हे डोळे उघडे ठेवून पाहा. पाहणे आणि मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाओ गोंगेनपुढे प्रार्थना करावी की नाही, हे तू स्वतःच्या विवेकाने ठरव. आदराने हात जोडून शांत उभे राहण्यात मात्र कोणत्याही प्रतिज्ञेचा भंग होत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

विवेकाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक गोष्ट तुझ्यापासून लपवून ठेवणे बरे नाही. किम्पुसेनजी स्त्रियांना पूर्णपणे खुले आहे; पण याच परंपरेचे दुसरे मंदिर जेथे आहे, त्या दक्षिणेकडील सांजोगाताके शिखरावर आजही स्त्रियांना जाऊ दिले जात नाही आणि वाटेवरच्या दरवाजावर तसा फलक आहे. मंदिरांतील अशी बंदी जपान सरकारने १८७२ मध्येच उठवली होती, तरी त्या शिखरावर ती रूढी म्हणून टिकून राहिली. हे चूक आहे असे मला वाटते, आणि तेथील अनेक जपानी स्त्रिया व पुरुषही तसे उघडपणे म्हणतात. योशिनोच्या फुलांनी भारावून जाताना हेही तुला ठाऊक असावे.

त्याच १८७२ साली सरकारने डोंगरातील या साधनामार्गावर, म्हणजे शुगेंदोवर, बंदी घातली. बौद्ध आणि शिंतो वेगळे करण्याच्या धोरणात किम्पुसेनजीचे मंदिर म्हणून अस्तित्वच संपवण्यात आले आणि १८८६ मध्ये ते पुन्हा बौद्ध मंदिर झाले. मधल्या काळात ज्या झाडांना देवाचा आधार होता, तो आधारच डळमळीत झाला होता. तरी डोंगर उजाड झाला नाही, याचे श्रेय गावकऱ्यांना आहे.

वागण्याचे नियम थोडकेच आहेत. मंदिरात जोडे काढून पिशवीत घेऊन जावे लागते, म्हणून सहज निघतील असे बूट आणि स्वच्छ मोजे घाल. मूर्तींची छायाचित्रे काढू नकोस. बौद्ध मंदिरात टाळ्या वाजवत नाहीत. ती पद्धत शिंतो देवस्थानांची आहे, येथे नुसते हात जोडायचे. मंदिरांचे शिक्के घेण्याची मुद्रावही घेतलीस तर आधी दर्शन, मग शिक्का, हा क्रम पाळ. पठण चालू असेल तर मागे बसून पूर्ण ऐक. प्रज्ञापारमिता हृदयसूत्राच्या शेवटी आपल्या ओळखीचा संस्कृत मंत्र जपानी उच्चारांत ऐकू येईल. झाडाखाली बसताना मुळांवर चटई पसरू नकोस आणि फांदी वाकवून छायाचित्र काढणाऱ्या मैत्रिणींना थांबव. माणसांच्या पायांनी मुळांवरची माती घट्ट होते आणि झाड आतून खंगत जाते. योशिनोची बरीच जुनी झाडे आता थकली आहेत.

दुपारी कामी सेनबोनच्या हानायागुरा या टोकावर जा. तेथून खाली पाहिले म्हणजे झाओदोचे छत फुलांच्या वर उचलल्यासारखे दिसते. १५९४ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने सुमारे ५,००० लोक घेऊन याच डोंगरावर फुलांचा सोहळा मांडला होता. तीन दिवस पाऊस थांबेना, तेव्हा पाऊस न थांबल्यास डोंगरच जाळीन असे त्याने भिक्षूंना धमकावल्याचे सांगतात. त्याच्यापेक्षा मला साइग्यो हा बाराव्या शतकातला भिक्षू-कवी जवळचा वाटतो. वर ओकु सेनबोनमध्ये, जेथे गर्दी जवळजवळ संपते, तेथे तो राहत असे त्या जागी एक लहानशी झोपडी उभारलेली आहे. वसंतात, फुलांखाली, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाच्या पौर्णिमेच्या सुमारास मरण यावे, अशी इच्छा त्याने एका कवितेत व्यक्त केली होती. ११९० मध्ये तो गेला तो दुसऱ्या चांद्र महिन्याच्या सोळाव्या दिवशी, म्हणजे महापरिनिर्वाणदिनाच्या दुसऱ्याच दिवशी. शेवटी तो योशिनोत नव्हता, कावाची येथील हिरोकावा मंदिरात होता. पाय शिल्लक असतील तर त्या झोपडीपर्यंत जाच. वाट दमवणारी आहे.

खाण्याच्या बाबतीत सांगायचे, तर तेथील पर्सिमनच्या पानात गुंडाळलेला भात प्रसिद्ध आहे, पण त्यात मासा असतो. तुला तो चालत असेल तर उत्तम, नसेल तर कुझूच्या कंदापासून केलेली पारदर्शक मिठाई खा. घरी पाठवायच्या वस्तूंवर फार खर्च करू नकोस. रोपे विकणारी मुले आता वाटेवर दिसत नाहीत, पण झाडांच्या संवर्धनासाठी देणग्या आजही स्वीकारल्या जातात. जमेल तेवढे तेथे दे. तारीख ठरली की मला कळव, म्हणजे मूर्ती खुल्या असण्याचा काळ मीही एकदा पडताळून पाहीन.

तुझा,
काका